अडीच सेकंदांचा मान

मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही, ती आपण स्वतः संगणकावर बनवायची, आणि तीही हलतीबोलती, असं काळुराम घरतांनी जाहीर केलं तेव्हा घरातल्या कुणीही त्यांना अडवलं नाही. बायको चंद्रावती सुकट निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुमाला येतंय ता?"

"शिकणार हाय."

"बरं," चंद्रावती म्हणाली आणि सुकटीतला कचरा बाजूला काढू लागली.

चंद्रावतीच्या 'बरं'चा अर्थ होकार नसतो, हे सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर काळुरामांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण ते डोलवीला एका ठेकेदाराकडे टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर पडला, हे लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. तिथे माणूस हजर असतो किंवा गैरहजर. 'बरं' नावाचा रकाना मस्टरवर नसतो.

छापील पत्रिकेवर त्यांचा राग असण्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीची पत्रिका पेणला छापायला दिली. छापणाऱ्याने निमंत्रकांची नावं दोन रांगांत मांडली. डाव्या रांगेत वरून खाली घरत मंडळी, उजव्या रांगेत वरून खाली चंद्रावतीच्या माहेरची. डावीकडे पहिलं नाव घरमालक म्हणून काळुरामांचं, त्याखाली थोरले भाऊ सखादादा. उजवीकडे पहिलं नाव चंद्रावतीचा भाऊ जनूमामा, वडखळचा. आता ही पत्रिका उभी वाचली तर सखादादा दुसरे येतात. आडवी वाचली तर दुसरा येतो जनूमामा आणि सखादादा तिसरे. सखादादांनी ती आडवी वाचली.

"दादा, ती उभी वाचायची," काळुरामांनी सांगून पाहिलं.

"मानूस आडवाच वाचतो," सखादादा म्हणाले. काळुरामांशी ते बोललेलं हे शेवटचं वाक्य. वास्तुशांतीला ते आले नाहीत. त्यानंतर चार वर्षं दोन्ही भाऊ कमरेएवढ्या भिंतीच्या दोन बाजूंना राहत होते. भिंतीच्या पलीकडे सखादादांची तुळस होती आणि काळुरामांना काही कळवायचं असलं की सखादादा ते तुळशीला सांगत. "लोकांच्या पाण्याची टाकी सकाळपासून वाहतंय," असं ते तुळशीला म्हणाले की काळुराम धावत जाऊन मोटार बंद करत. इतकी घरगुती माहिती कानावर पडलेली तुळस पेण तालुक्यात दुसरी नसेल.

एवढ्यावरही आयुष्य निघालं असतं. पण मुलगी, प्रतिक्षा, हिचं रोह्याच्या ऋत्विकशी ठरलं आणि साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी तिने चहाचा कप खाली ठेवून शांतपणे सांगितलं, "मोठे बाबा मांडवात नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाय." पहिली ते चौथी, खाडीचं पाणी वाटेवर आलं की तिला खांद्यावर घेऊन शाळेत नेणारा माणूस सखादादा होता. बापाला तेव्हा फर्स्ट शिफ्ट असायची. मुलगी आईवर गेली होती, म्हणजे बोलली ते करणार होती.

तेव्हा प्रश्न असा होता, की अशी पत्रिका कुठून आणायची जी आडवीही वाचता येणार नाही आणि उभीही. काळुरामांना कंपनीच्या बसमध्ये कुणाच्या तरी फोनवर लग्नाची हलती पत्रिका दिसली. पडद्यावर एका वेळी एकच नाव येत होतं. येत होतं, थांबत होतं, जात होतं. काळुरामांच्या अंगावर काटा आला. पेणच्या छापखान्याने चार वर्षं केलेला अन्याय विज्ञानाने चुटकीसरशी दूर केला होता.

शेजारच्या नितेशने सुचवलं, की पेणला असं करून देणारे चार जण आहेत, फोटो दिले की संध्याकाळी पत्रिका मिळते. पण काळुरामांना आता दुसऱ्याच्या हाती सखादादाचं नाव द्यायचं नव्हतं. रोह्याला एका हार्डवेअरच्या दुकानावर 'तीन महिन्यांत डिजिटल डिझाइन, फोटोग्राफी आणि अ‍ॅनिमेशन' अशी पाटी होती. दर रविवारी वर्ग. पेणमध्ये ओळखीच्यांनी बघू नये म्हणून त्यांनी रोहा निवडलं. रोहा हे आपल्या व्याह्यांचं गाव आहे, हे त्यांना पहिल्याच रविवारी आठवलं, कारण जिन्यात व्याही उभे होते. खिळे घ्यायला आले होते.

"इकडे कुठे?" व्याह्यांनी विचारलं.

"जरा क्लास," काळुराम म्हणाले.

"शिकवता?"

काळुराम हसले. न बोलता हसण्याला खोटं म्हणत नाहीत.

वर गेल्यावर फॉर्म भरायचा होता. शिकवणारी प्रणिता चोवीस वर्षांची. तिने त्यांना आधी पालक समजून खुर्ची दिली आणि मग विद्यार्थी समजल्यावर स्टूल दिलं. जन्मवर्षाची यादी संगणकात एकोणीसशे ऐंशीपाशी संपत होती. त्याआधी जन्मलेल्या माणसाला काही शिकावंसं वाटेल, हे यादी करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. प्रणिताने त्यांना ऐंशी सालात जन्माला घातलं. काळुराम एका बोटासरशी नऊ वर्षांनी तरुण आणि चंद्रावतीपेक्षा पाच वर्षांनी लहान झाले. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही.

मग नाव. प्रणिताने ते इंग्रजीत टाकलं आणि संगणकाने आपणहून त्याचं मराठी केलं : कालुराम घरात.

"मी घरत," काळुराम म्हणाले. "घरात नव्हे."

"सिस्टीम आपोआप घेते काका. सर्टिफिकेटवर बरोबर येईल."

"ळ पण पायजे."

"तोपण येईल."

शेवटी हजेरीचं यंत्र. अंगठा ठेवायचा. काळुरामांनी ठेवला. यंत्र गप्प राहिलं. पुन्हा ठेवला. टाइम ऑफिसात त्यांनी असे किती अंगठे नाकारले असतील याची मोजदाद नाही. वेल्डरचे, खलाशांचे, सिमेंट कालवणाऱ्यांचे. प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं. तेच वाक्य आता प्रणिताने त्यांना ऐकवलं, आणि आवाजही तोच होता : "अंगठा पुसून परत लावा काका." चौथ्या वेळेला ते हजर झाले.

त्यांच्या वाट्याला कोपऱ्यातला लॅपटॉप आला. त्याचं टिंबाचं बटण खाली बसलेलं होतं. दाबलं तर कधी उमटायचं, बहुतेकदा नाही. "टिंब फारसं लागत नाही आपल्याला," प्रणिता म्हणाली. इतर अकरा जण अठरा-एकोणीसचे होते. ते संगणकाकडे न बघता संगणक चालवत आणि काळुरामांकडे बघत.

अ‍ॅनिमेशनचा पहिला धडा चेंडूचा होता. चेंडू वरून टाकायचा, तो आपटून वर यायला हवा. अकरा चेंडू पहिल्याच रविवारी टप्पे खाऊ लागले. काळुरामांचा चेंडू पडला आणि पडूनच राहिला. दुसऱ्या रविवारी तो जमिनीच्या खाली गेला. तिसऱ्या रविवारी तो वर आला तो आलाच, परत खाली उतरेना. प्रणिता म्हणाली, चेंडूला वजन आहे असं वाटलं पाहिजे. काळुराम म्हणाले, बाई, वजन तर मलाच वाटतंय. वर्गात हशा पिकला आणि त्यांना उगाचच बरं वाटलं.

फोटोग्राफीत त्यांची प्रगती अधिक धोकादायक होती. प्रणिताने शिकवलं, की फोटोतल्या माणसाला मधोमध उभं करू नये. चौकटीचे तीन भाग करावेत आणि माणूस एका भागात ठेवावा, बाकी जागा मोकळी. काळुरामांना हे शास्त्र इतकं पटलं, की पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्हीकडच्या चाळीस नातेवाइकांना कडेला उभं करून टाकलं. चंद्रावतीची मावशी फोटोत जेमतेम होती, बाकी सगळा फणस होता. जनूमामा वडखळहून खास इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी फोनमध्ये वाकून पाहिलं.

"मला कडेला का टाकलास?"

"तसाच नियम हाय."

"नियम मलाच लागतोय? मी मामा हाय पोरीचा. मामा मदी असतो."

मग मागची भिंत काढून टाकताना जनूमामांचा उजवा कान भिंतीबरोबर गेला. काळुरामांनी डावा कान उलटा करून तिथे चिकटवला. प्रत्यक्षापेक्षा बरा दिसत होता, पण हे मत त्यांनी स्वतःपाशी ठेवलं.

उरला सखादादांचा फोटो. तो मागायचा कसा? रंभावहिनी, म्हणजे सखादादांच्या पत्नी, दोन्ही घरांत बोलत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, त्यांचा येक फोटू हाय, रेशनकार्डावरचा. त्यात ते मलाच वळखू येत नाय." शेवटी एका सकाळी काळुराम बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहिले आणि भिंतीवरून फोटो काढला. सखादादा नुकतेच अंघोळ करून सूर्याला हात जोडून उभे होते. डोळे मिटलेले, अंगात बनियान, खांद्यापाशी फाटका. चौकटीच्या उजव्या भागात सखादादा आणि डावीकडे नुसतं आभाळ. शास्त्रशुद्ध फोटो. तेवढ्यात बादली सरकली.

सखादादांनी डोळे उघडले नाहीत. तुळशीला म्हणाले, "लोक आता भिंतीवरून चोरून फोटू काढायला लागले. हातपाय मोडतील कवातरी."

त्या वाक्यातल्या काळजीचं माप काढत काळुराम गुडघा चोळत आत आले.

पाचव्या आठवड्यात प्रणिताने टाइमलाइन उघडून दाखवली. खाली एक लांब पट्टी, तिच्यावर प्रत्येकाचा तुकडा, आणि तुकडा जितका लांब तितका वेळ तो माणूस पडद्यावर. कोण कधी आत येतो, कधी बाहेर जातो, सगळं सेकंदात. काळुराम स्टुलावर सरळ झाले. हे तर मस्टर होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना संगणक ओळखीचा वाटला, आणि ओळखीच्या आनंदात त्यांनी ते घरी बोलून दाखवलं. चंद्रावतीने फोनवर जनूमामाला सांगितलं, जनूमामाने बाजारात. बुधवारपर्यंत दोन्हीकडच्या मंडळींना कळलं होतं, की काळुराम प्रत्येकाला सेकंद वाटतोय.

गुरुवारी जनूमामा हजर.

"मला किती ठेवलंस?"

"अजून ठरलं नाय."

"भटजीला किती?"

"भटजीचं नाव नसतंच त्यात."

"मग त्याचे मला दे."

नितेश सेकंड शिफ्टला जाता जाता थांबला. त्याचा या विषयाशी संबंध नव्हता, त्यामुळे त्याचा अभ्यास खोल होता. "काळूकाका, नाव डावीकडून आलं पायजे. उजवीकडून आलं की मानूस परत चाललाय असं वाटतं."

"खालून आणलं तर?"

"विहिरीतनं काढल्यासारखं."

"आणि वरून?"

"वरून म्हणजे पडलाच की."

चंद्रावतीने तिच्या माहेरच्या नावांना सरासरी सहा सेकंद लावून दिले आणि वर म्हणाली, की मी कुणासाठी काही मागत नाय. घरत बाजूने मग आठ मागितले. कुणी फुलं पडताना पाहिजे म्हणालं, कुणी शंख वाजताना. पत्रिका नऊ मिनिटांवर गेली. "लगीन लागायला पाच मिन्टं लागतात," चंद्रावती म्हणाली, "आन् पत्रिका नऊ मिन्टांची." जणू ती कुणा तिसऱ्याच बाईच्या माहेरामुळे वाढली होती.

"काका, नऊ मिनिटं कुणी बघत नाही," प्रणिता म्हणाली. "निदान लग्नाची तारीख तरी आधी घ्या. नवरा-नवरीचं नाव आधी घ्या."

"तारीख कुठं रुसत नाय," काळुराम म्हणाले. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी गणपती, मग कुलदैवत, मग कैलासवासी आईवडील, समोर तेवता दिवा. मग निमंत्रकांत पहिले सखादादा, मग जनूमामा, मग बाकीचे. वधूवर आणि तारीख सगळ्यात शेवटी. मान आधी, माहिती नंतर.

सेकंदांचा निकालही त्यांनी टाइम ऑफिसच्या पद्धतीने लावला. सगळ्यांना सारखे. अडीच सेकंद. दोन सेकंद नाव वाचायला, अर्धा नमस्काराला. हे जाहीर होताच दोन्हीकडची मंडळी एकाच वेळी, एकाच प्रमाणात दुखावली. समानता सगळ्यांना हवी असते, पण ती दुसऱ्या घरात. जनूमामा म्हणाले, "अडीच सेकंदात मला शिंक पन नाय येत." काळुराम हलले नाहीत. मात्र सखादादा काय म्हणतील, हे त्यांना रोज सकाळी तुळशीच्या दिशेने कान लावूनही कळलं नाही. तुळशीकडे त्या विषयावर काहीच येत नव्हतं, आणि तेच भिववणारं होतं.

शेवटचा रविवार आला. सोमवारी पत्रिका गेलीच पाहिजे, लग्नाला पंधरा दिवस राहिले होते. ऋत्विकचं नाव दुपारपर्यंत सरळ येईना. 'ऋत्' एकीकडे आणि 'विक' दुसरीकडे, मधे खाडी. प्रणिताने ते दुसरीकडे लिहून चित्र करून चिकटवलं. मग एका नावाला तिने स्वतःच्या संगणकावरून अडीच सेकंद लावून दिले आणि म्हणाली, आता हेच कॉपी करा आणि बाकीच्यांना पेस्ट करा.

काळुरामांनी केलं. जनूमामाला पेस्ट केलं. मावशीला पेस्ट केलं. एकोणचाळीस माणसं भराभर पेस्ट झाली. शेवटी राहिले सखादादा, आणि तिथे त्यांचा हात थांबला. थोरल्या भावाला कॉपी-पेस्ट करणं त्यांना बरं वाटेना. चार वर्षांनी आपण दादाला काहीतरी देतोय, ते जनूमामाचं उचलून द्यायचं? त्यांनी चष्मा पुसला, स्टुलावर ताठ बसले आणि सखादादांच्या रकान्यात एकेक बटण दाबत स्वतःच्या हाताने आकडा लिहिला. दोन. टिंब. पाच. शून्य.

टिंब उमटलं नाही.

गाडीला वीस मिनिटं होती. फाइल तयार व्हायला त्यातली पंधरा गेली. काळुरामांनी ती फोनमध्ये घेतली आणि रोह्याच्या फलाटावर उभ्याउभ्या पाठवून दिली : घरत परिवार, माहेरची मंडळी, कंपनीच्या शिफ्टचा ग्रुप, व्याह्यांचा ग्रुप. पाठवण्याआधी एकदा बघावी असं त्यांच्या मनात आलं नाही. त्यातला प्रत्येक सेकंद त्यांनी स्वतः मोजला होता.

नागोठण्यापर्यंत फोन थरथरत होता. पहिल्या माणसाने जोडलेले हात पाठवले होते. दुसऱ्यानेही. मग एकदम अकरा जणांनी. नितेशने लिहिलं होतं, 'भावपूर्ण'. काळुरामांना भरून आलं. अ‍ॅनिमेशनची एवढी जाण नितेशला असेल असं वाटलं नव्हतं. शिफ्टमधल्या एकाने लिहिलं, 'फार साधा माणूस'. हे आपल्याबद्दल आहे असं समजून काळुरामांनी त्याला आभार कळवले.

गाडी कासूला थांबली तेव्हा तिथूनच गोदूआत्याचा फोन आला. गोदूआत्या वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढची.

"काळू, कवा गेला रं सखा?"

"कुठं गेला?"

"मला इचारतोस? आदी त्या दोगांना दाखवलंस दिव्यासंगं, मागनं सखा. किती वेळ झाला, हलतच नाय. कसा शांत दिसतोय रं."

काळुरामांनी फोन कापला आणि पत्रिका लावली. गणपती आला, गेला. कुलदैवत आलं, गेलं. कै. वडील, कै. आई, समोर दिवा. मग सनईवर सखादादा आले. डोळे मिटलेले, हात जोडलेले, मागे अथांग आभाळ. आणि थांबले. गाडी सुटली तरी थांबलेच होते. खारेपाटातली मिठागरं मागे पडली, सनई वाजत राहिली, सखादादा डोळे मिटून उभे. अडीचच्या जागी अडीचशे सेकंद, म्हणजे चार मिनिटं दहा सेकंद. त्यानंतर जनूमामा येत होते आणि पापणी लवायच्या आत जात होते. पण तिथपर्यंत पोचलेला माणूस जगात फक्त काळुराम होता.

पेणला उतरून घरी पोचेपर्यंत त्यांनी काय बोलायचं याची सात वाक्यं तयार केली. त्यातलं एकही उपयोगी नव्हतं. सखादादांच्या दारात चपलांचे बरेच जोड होते. ओटीवर माणसं खाली मान घालून बसली होती, कारण आल्यावर काय करायचं ते आता कुणालाच कळत नव्हतं. ज्याच्यासाठी आले तोच त्यांना पाण्याचे पेले देत होता. भिंतीच्या अलीकडे प्रतिक्षा उभी होती. तिच्या हातात फोन होता आणि तोंडावर रंग नव्हता.

"भावजी," रंभावहिनी पदर खोचून पुढे आल्या, "माजं कुंकू धडधाकट बसलंय हितं, आन् वडखळची बाई मला मिठी मारून रडून गेली. मी पन रडलो तिच्यासंगं. मागनं कळलं कशापायी ता."

काळुराम भिंतीपाशी येऊन उभे राहिले. सात वाक्यांतलं पहिलं शोधू लागले.

सखादादा खुर्चीत बसले. कुणीतरी त्यांच्या फोनवर पत्रिका लावून दिली होती, ती ते पुन्हा बघत होते. रंभावहिनी म्हणाल्या, तिसऱ्यांदा. चार मिनिटं दहा सेकंद म्हणजे किती मोठा वेळ असतो, हे त्या दिवशी तिथे बसलेल्यांना कळलं. सनई थांबली. सखादादांनी फोन मांडीवर ठेवला. मान वळवून त्यांनी तुळशीकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग भिंतीकडे बघितलं.

"काळू."

चार वर्षांत पहिल्यांदा. प्रतिक्षाने भिंतीचा काठ धरला.

"बनियान फाटका हाय त्यात."

"व्हय दादा."

"चार मिन्टं ठेवलीस. बाकीच्यांना किती?"

"अडीच सेकंद."

"जनूला?"

"त्यालापन."

सखादादांनी हिशेब केल्यासारखे डोळे बारीक केले. "मुद्दाम ठेवलीस, का चुकून ऱ्हायली?"

काळुरामांनी सत्तावीस वर्षांत कुणाला एक मिनिट जास्तीचं लिहिलं नव्हतं. तापाने फणफणलेला फिटर दहा मिनिटं उशिरा आला तरी त्यांनी दहाच्या दहा लिहिली होती. मस्टर म्हणजे मस्टर. त्यांनी प्रतिक्षाकडे पाहिलं.

"मुद्दाम," ते म्हणाले. आयुष्यातली पहिली खोटी नोंद. "तुझा आकडा मी हातानं लिवला. बाकीच्यांना नुसतं चिकटवलं."

"मला वाटलंच. चुकून येवढा येळ कोन देत नाय." सखादादा ओटीवरच्या मंडळींकडे वळले. "मेल्यावर पन मानसाला चार मिन्टं कोन बघत नाय. मला जिता असून बघितलात." मंडळी संकोचून हसली. एकाने पाण्याचा पेला संपवला.

मग सखादादांनी शेवटची शंका काढली. "आनि ता आडवं वाचायचं का उभं?"

"येकच नाव येतं दादा. आडवं नाय, उभं नाय."

"बरं," सखादादा म्हणाले. हे 'बरं' चंद्रावतीच्या जातीचं नव्हतं. "फोटू दुसरा काढ. सदरा घालून येतो. आनि मदोमद काढ, ता कडेला नको."

काळुरामांनी शास्त्र गुंडाळून ठेवलं आणि मधोमध काढला.

पत्रिका दुरुस्त करायला त्यांना कुणी सुचवलं नाही असं नाही. प्रणिताने फोनवर सांगितलं, एक टिंब टाकलं की झालं काका, दोन मिनिटांचं काम. काळुराम म्हणाले, फोटो बदला, बनियान काढा, टिंबाला हात लावू नका. मग लग्नाची तारीख आणि ठिकाण कुणापर्यंत पोचलंच नाही म्हणून चंद्रावती तीन दिवस फोन घेऊन बसली आणि दोनशे घरांना तोंडी आमंत्रण दिलं. प्रत्येक फोनची सुरुवात "भावोजी जिते हायत" अशी होती. यालाच पूर्वी निमंत्रण म्हणत, आणि त्याला संगणक लागत नसे, हे तिने नवऱ्याला ऐकवलं, एकदाच, पण दोनशे फोन झाल्यावर.

लग्न लागलं. प्रतिक्षा बोहल्यावर चढली तेव्हा सखादादा तिच्या डाव्या हाताला, मांडवाच्या अगदी मध्यात उभे होते. जनूमामा आले, मुंडावळ्या बांधायला मदत केली, मुलीला आशीर्वाद दिला, आणि काळुरामांशी मात्र बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. वडखळ नाक्यावर चहावाल्याला सांगतात, आणि चहावाला कंपनीच्या बसमधून जाणाऱ्या काळुरामांना.

सर्टिफिकेट दोन महिन्यांनी टपालाने आलं. सोनेरी किनार, लाल शिक्का, आणि मध्ये ठळक अक्षरांत : 'श्री. कालुराम घरात यांनी डिजिटल डिझाइन, फोटोग्राफी व अ‍ॅनिमेशन हा अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे.' काळुरामांनी नाव दुरुस्तीसाठी विचारलं. अर्ज करावा लागेल, शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागेल, आणि दाखल्यावरचं जन्मवर्ष फॉर्ममधल्या वर्षाशी जुळायला हवं, असं उत्तर आलं. काळुरामांनी सर्टिफिकेट चौकटीत बसवलं आणि बैठकीच्या भिंतीवर उजव्या तिसऱ्या भागात, बाकी भिंत मोकळी सोडून, टांगलं.

संध्याकाळी सखादादा आले. या घरात त्यांचं हे पहिलंच येणं. चपला काढून आत आले, भिंतीपुढे उभे राहिले आणि चष्म्यातून आडवं, सावकाश वाचलं.

"कालुराम घरात," ते म्हणाले.

"चुकलंय ता," काळुराम घाईने म्हणाले. "घरत पायजे. ळ पन नाय."

"ळ नाय ता चुकलं." सखादादांनी पुन्हा वाचलं. "बाकी बरोबर हाय. हाईस की घरात."

मग त्यांनी हातोडी मागितली, कडेचा खिळा उपटला आणि भिंतीच्या मधोमध ठोकला.